मावशीला ठाण्यात बसवलं तो दिवस

ती घटना अजून माझ्या मनातून जात नाही. मी सातवीवर पोलिसात भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आता मुलीकडे परराज्यात असतो. इथे आपली भाषा बोलणारं कोणी नाही, त्यामुळे जुनं जास्तच आठवतं. माझ्यासारख्या कमी शिकलेल्याला खात्यानं मान दिला, त्याचे उपकार आहेत. म्हणूनच झालेली चूक लपवत नाही. नावं मात्र कोणाचीच देत नाही.

नेवासा तालुक्यातल्या एका ठाण्यात होतो तेव्हा एक पोरगी तक्रार घेऊन आली. पंचविशीच्या आतली, डाव्या हाताला प्लास्टर. नवरा मारतो म्हणून सासर सोडलेलं. माहेरी गेली, तिथं तो आला. मग गावातल्या मावशीकडं लपली. ही मावशी नात्यातली नव्हे. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून सगळा जन्म गेलेली एकटी बाई, अख्खं गाव तिला मावशीच म्हणायचं. तिथंही नवरा आला आणि हात मोडून गेला.

"साहेब, मी कुठं जाती ते त्याला कळतं कसं?" पोरगी म्हणाली. "तेवढं हुडका. न्हाईतर आता मला जिती सोडायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिच्या भावानं मला बाजूला घेतलं. "मावशीच सांगती साहेब. दाजींच्या गावच्या बाया तिच्याकडं येत्यात-जात्यात. तिलाच धरा."

मला ते पटलं. इतकी वर्षं असंच बघत आलो होतो. लपलेल्या माणसाची बातमी आसरा देणाऱ्याच्या घरातूनच फुटते.

आमच्या महिला शिपायाची आई दुसऱ्या गावात राहायची. पोरीला तिथं पोचवलं. पत्ता मला आणि त्या शिपायालाच ठाऊक. पोरीनंही कोणाला फोन करायचा नाही, असं बजावलं. मग गाडी पाठवून मावशीला ठाण्यात बोलावलं. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, हे मला चांगलं माहीत होतं. तरी बोलावलं. फोन काढून घेतला आणि सकाळपासून बाकावर बसवलं.

"खरं सांग, त्याला कोणी कळवलं?"

"मी पोरीला भाकरी घालू का तिच्या नवऱ्याला सांगत बसू, साहेब?"

"जास्त बोलू नको, म्हातारे."

"म्हातारी तर हायेच. तुमाला न्हाऊमाखू घालणारीबी अशीच कुणीतरी आसंल."

ठाणे अंमलदार हसला. मला राग आला आणि मी आवाज चढवला.

दुपारी महिला शिपायाला आईचा फोन आला. नवरा दारात उभा होता. गल्लीतल्या लोकांनी त्याला धरून ठेवलं म्हणून पोरगी वाचली. इकडे मावशी माझ्यासमोर आणि तिचा फोन माझ्या ड्रॉवरमध्ये.

महिला शिपाई म्हणाली, "साहेब, माणसं झाली विचारून. आता पोरीचा फोन बघू."

मावशीला घरी सोडलं, पोरीला फोनसकट ठाण्यात आणलं. वरवर काही दिसत नव्हतं. तिनं सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या अ‍ॅपची यादी काढली. त्यात बॅटरी वाचवणारं म्हणून एक अ‍ॅप होतं, पण पडद्यावर त्याचं चित्रच नव्हतं. परवानग्या बघितल्या तर लोकेशन, माइक, मेसेज. "बॅटरीला माइक कशाला लागतो?" ती म्हणाली. मला तर परवानगी बघायची कुठं, तेही ठाऊक नव्हतं.

फोन जिल्ह्याच्या सायबर शाखेत नेला. त्यांनी आधी पंचनामा केला, पडद्याचे फोटो घेतले. अ‍ॅप सरळ निघेना. त्या अ‍ॅपला दिलेला फोनचा ताबा बंद केला, तेव्हा निघालं. पोरगी कुठं आहे ते नवऱ्याला त्यातूनच दिसत होतं. काम अर्ध्या तासाचं.

फोन भावानं भाऊबीजेला दिलेला होता. भावाला बोलावून विचारलं.

"मला मोबाईलातलं काय कळतंय, साहेब? तवा भांडण न्हवतं. दाजींकडंच दिल्ता, म्हणलं सगळं भरून द्या, मग ताईच्या ताटात ठेवतो."

नवऱ्याला अटक झाली, दोषारोपपत्र गेलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली. ते कौतुक त्या महिला शिपायाचं होतं, मी नुसता उभा होतो.

पुढच्या आठवड्यात पोरीला घेऊन मावशीकडं गेलो. मावशीनं चहा ठेवला.

"मावशी, परत येऊ का ऱ्हायला? माहेरात भावाकडं बघवत न्हाई," पोरगी म्हणाली.

मावशीनं तिच्या प्लास्टरवरून हात फिरवला. "नको बाई. तुझ्या नवऱ्याला मी भ्याले न्हाई, मुसळ घिऊन मागं लागले हुते. पर त्या दिवसापासनं दारात पोलिसाची गाडी थांबली का मी आतनं कडी लावती."

हे बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती. मी टोपी काढून हातात धरली. माफी मागायचीच म्हणून गेलो होतो, पण नुसता टोपी फिरवत राहिलो. तिनंच म्हटलं, "साहेब, च्या घ्या, निवल."

पोरीची सोय शेवटी नगरच्या एका वसतिगृहात झाली. आसरा देणारा माणूस हाताशी सापडतो, म्हणून त्याच्यावर संशय घेणं सोपं जातं. आम्ही सोपं तेच केलं. एवढं शिकायला मला जवळजवळ सगळी नोकरी लागली, आणि त्या पोरीला जे एक घर होतं, ते माझ्यामुळं गेलं.