जुन्या चेंडूचा बॉलर

मला भरवशाचा म्हणत. या शब्दाचा मला अजून राग येतो. भरवशाचा म्हणजे ज्याला अडल्यावर बोलवायचं आणि एरवी विसरायचं, एवढाच अर्थ मी उभ्या आयुष्यात पाहिला.

आमच्या मिलची क्रिकेट टीम होती. सुरुवातीला लाल, चकचकीत चेंडू घेऊन दोन फास्ट बॉलर लांबून धावत यायचे आणि बायाबापड्यासुद्धा कठड्याशी येऊन बघायच्या. त्यांना मार बसू लागला, समोरचे दोघे खुंटा रोवून उभे राहिले, की कॅप्टन माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचा. तोवर चेंडूची रया गेलेली असायची. तो भुरकट चेंडू घेऊन मी चार पावलं चालत यायचो. बोटाला थुंकी लावायची, एक बाजू चोळून पँटवर घासायची, आणि मॅटवर असा टाकायचा की बॅट्समनला हात मोकळे करायला जागाच मिळू नये. विकेटी मला थोड्या मिळत, पण रन कुणाला मिळत नसत. अशा किती मॅची मी वाचवल्या ते मला ठाऊक आहे. स्कोअरबुकात वाचवण्याचा रकाना नसतो.

टीम निवडताना कॅप्टन एकेकावर तासभर काथ्याकूट करायचा आणि माझ्यापाशी आला की म्हणायचा, "तुझं काय, तू आहेसच."

हा कॅप्टन साचेखात्यात जॉबर होता. साचेखातं म्हणजे जिथे कापड विणतात ते. तिथे साचे, म्हणजे माग, कुणाला द्यायचे हे त्याच्या हातात होतं. मी सूत काततात त्या रिंगखात्यात बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा असला तर आत जायचं, नसला तर आल्या पावली परत. बापाने त्याच रिंगखात्यात जन्म काढला. आमच्या चाळीतले सगळेच तिथे होते. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे आम्हाला घेत नसत आणि त्याचं कारण कुणी लपवतही नसे. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. पुढच्या पाळीचा माणूस त्याच धोट्याला तोंड लावणार. आमचं तोंड लागलं की तो धोटा बाटला.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मिलांच्या ढालीची आमची फायनल दोनदा पुढे गेली, एकदा हरताळ होता म्हणून आणि एकदा संचारबंदी होती म्हणून. लालबागेत सभा व्हायच्या आणि कॅप्टन टेबलावर चढून बोलायचा. मराठी माणूस तेवढा एक, जातपात खड्ड्यात घाला, मुंबई आपल्या हक्काची. मी पुढे बसून तळवे लाल होईस्तोवर टाळ्या पिटल्या. अशाच एका सभेनंतर त्याने चार माणसांदेखत माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सांगितलं, ढाल जिंकून दे, तुला दोन साचे देतो, कायमचे.

घरी आलो तो हवेतच. आमच्या भिंतीवर नुकतीच बुद्धाची तसबीर लागली होती, देव आईने आपल्या हाताने उतरवले होते. साच्यांचं ऐकून ती लगेच शेजारणीला सांगायला गेली. बाप जागचा हलला नाही.

"धोट्याला तोंड लावावं लागतं, पोरा," तो म्हणाला. "चेंडवाला नाय लागत."

"चेंडवालापण लागतं," मी म्हणालो. "माझी थुकी लागलेला चेंडू सगळे हातात घेतात. आता ते दिवस नाय रायले, बाबा."

बापाला शिकवत होतो मी. अकलेचा कांदा नुसता.

फायनलला आमच्या फास्ट बॉलरांनी सुरुवातीला तिघांना उडवलं आणि मग दोघेही असे फुटले की समोरच्यांनी मॅच खिशातच घातली. कॅप्टनने मान हलवली. उन्हात मी एका टोकाने टाकत राहिलो, टाकत राहिलो. बोटाची कातडी निघाली. ओठ सुकले तरी थुंकी कुठून तरी गोळा करत होतो. रन आटले, मग ते घाईला आले आणि घाईत एकेक बाद होत गेले. शेवटची विकेट माझ्या चेंडूवर गेली. कॅप्टन धावत आला, चेंडू माझ्या हातातून ओढून घेतला आणि सगळ्यांदेखत त्याचा मुका घेतला. एकदा नव्हे, दोनदा. चेंडू ओला होता, मला दिसत होतं. हार फास्ट बॉलरच्या गळ्यात पडला, पण त्याचं मला काहीच वाटलं नाही. माझे साचे त्या मुक्यात आले होते.

सोमवारी धुतलेला सदरा घालून मी साचेखात्याच्या दाराशी गेलो. दोन साचे आदल्याच दिवशी फास्ट बॉलरच्या मेहुण्याला देऊन झाले होते. कॅप्टनने मला बाजूला घेतलं.

"माझं काही नाही रे, मी मानत नाही," तो म्हणाला. "पण खात्यातले लोक काम टाकतील. तोंडाचा प्रश्न येतो ना. आणि तुझं काय, तू आहेसच. रविवारी मॅच आहे, लवकर ये."

मी हो म्हणालो. मला सगळ्यात जास्त राग त्या 'हो'चा येतो. माणूस मानतो म्हणाला असता तर निदान भांडता आलं असतं. "माझं काही नाही" म्हणणाऱ्याशी भांडायचं कुठून?

आठवडाभर ते डोक्यात घुमत राहिलं. रविवारी मॅच अडली आणि कॅप्टनने नेहमीसारखी मान हलवली. मी चेंडू हातात घेतला. थुंकी बोटाला नाही लावली. शिवणीवरून सरळ जीभ फिरवली, सावकाश, आणि चेंडू त्याच्यापुढे धरला.

"दादा, परवा मुका घेतलात," मी म्हणालो. "आज परत घ्या, मग टाकतो."

अंपायर बघत होता, सगळी टीम बघत होती. कॅप्टन आधी हसला, मग त्याचं हसू गेलं. त्याने हात पुढे केला नाही. मी चेंडू मॅटवर ठेवला आणि चालत मैदानाबाहेर आलो.

ती मॅच ते हरले. दुसऱ्या दिवसापासून गेटवर माझं नाव कुणी पुकारलं नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं तो चाळीचाळीतून सांगत फिरला. आई रडली. तिने शेजारणीला सांगून ठेवलं होतं ना.

बापाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घेतला काय त्याने मुका?"

"नाय."

"मग बरं केलंस," तो म्हणाला.