गादीवर भाकरी

अर्धा शालू अंगावर चढला होता आणि भाभींनी माझ्या कमरेला चिमटा काढला. पटकन नाही. दोन बोटांत मांस धरून, समोरच्या बायांना दाखवत. रनाळ्याच्या पाटलांकडच्या त्या बाया लग्नाच्या बस्त्याला आल्या होत्या. भाभी त्यांना म्हणाल्या, "दखा, कितली माजी गयी." मग माझ्याकडे वळून, "काय खास वं तू?" म्हणजे, खातेस तरी काय?

बाया हसल्या. मीही हसले. ते माझं हसणं आजही सलतं.

भाभी म्हणजे शेठची बायको. शहाद्यात त्यांचं साड्यांचं दुकान. बाकी दुकानांत गडी स्वतःच्या अंगावर पदर टाकून साडी दाखवतात. आमच्या शेठनी त्यासाठी मुलगी ठेवली, ती मी. आम्ही मूळचे काठीकडचे, डोंगरातले. आईबाप कळसाडीला दुसऱ्यांच्या शेतात कामाला उतरले आणि तिथंच राहिले. कापूस वेचून वेचून माझ्या अंगावर नुसती हाडं होती. शेठनी पाहिलं आणि म्हणाले, हिच्यावर साडी चांगली बसेल. शिक्षण विचारलं नाही.

दुकानातलं काम सावलीतलं. चहा-बिस्किट मिळायचं, आईची भाकरी असायची. वर्षभरात माझे गाल भरले. आई माझा दंड हातात घेऊन बघायची. शेजारणीला बोलावून दाखवायची. आमच्या घरात अंग धरलेली मी पहिलीच होते.

तेच अंग भाभींनी चिमटीत धरलं.

त्याच बैठकीत नवरीच्या आईनं स्वतःसाठी साडी काढायला लावली. बाई माझ्या दुप्पट. तिनं विचारलं, या रंगात मी जास्तच जाड नाही ना दिसणार? भाभी लगेच म्हणाल्या, "तुम्हले कायबी शोभस, काकू. खातापिता घरना लोके शेतस तुम्ही."

तिचं मांस खात्यापित्या घरचं. माझं माजलेलं. दोन्ही मी ऐकलं, पण तेव्हा राग आला नाही. लाज वाटली. आपण फार खातो, आपल्याला शोभत नाही एवढं खातो, असंच वाटत राहिलं.

मग मी डबा रिक्षा स्टँडमागच्या कुत्र्यांना टाकायला लागले. कुर्त्याच्या आत पोटाला ओढणी करकचून बांधायची. वाकलं की श्वास अडकायचा. आई विचारायची, जेवलीस का. मी हो म्हणायची. आई दिवसभर वाकून निंदणी करते. तिनं पहाटे थापलेली भाकरी मी कुत्र्यांना घालत होते. भाभींच्या चिमट्याची लाज एक वेळ जाईल, ही जात नाही.

एवढं करूनही मी शेठना जाडच दिसले. लग्नसराईत त्यांनी दुसरी मुलगी आणली. धडगावच्या वरच्या पाड्यातली, माझ्याच वयाची, माझीच बोली बोलणारी. मला साड्यांच्या घड्या घालायला बसवलं आणि शालू तिच्यावर चढवला. गळ्याची हाडं वर आलेली. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. त्या दिवशीच्या बस्त्याची नवरी मुलगी समोर बसून कौतुकानं बघत राहिली आणि तिला म्हणाली, काय फिगर आहे गं, कोणतं डाएट करतेस?

डाएट म्हणजे काय, ते त्या मुलीला कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी आमच्या बोलीत विचारलं, काय खाल्लंस? ती हळूच म्हणाली, काल संध्याकाळी पेज प्यायले.

तेव्हा मला सगळं कळलं. शेठनी माझ्या उपासमारीवरच साड्या टांगल्या होत्या. माझं पोट भरलं, तशी मी त्यांच्या कामाची उरले नाही.

मी नवरीला म्हणाले, "ती उपाशी शे, ताई. डाएट नही करस."

भाभींनी मला आत जायला सांगितलं. मी उठले, पिशवीतला डबा घेतला आणि गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या गादीवर येऊन बसले. त्या गादीवर आम्हाला टेकायचीही परवानगी नव्हती. कुर्त्यात हात घालून ओढणीची गाठ सोडली. पोट सुटलं. सगळ्यांना दिसलं.

"मले भूक लागनी शे, भाभी. मी आठेच जेवसू."

तिथंच भाकरी मोडली. अर्धी त्या मुलीपुढे धरली. तिनं घेतली नाही. शालू सावरत, भाभींकडे बघत तशीच उभी राहिली. मला तिचा राग आला नाही, वर्षभर मीही तशीच उभी होते. तिची अर्धी गादीवर ठेवली आणि माझी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. लाज वाटतच होती. तरी खाल्ली.

शेठनी त्याच दिवशी काढून टाकलं. आता परत कापसात आहे. ऊन आहे, अंग उतरेल कदाचित. पण भाकरी टाकणार नाही. कुणाला वाईट दिसतं म्हणून पोट आवळणार नाही. आणि पुन्हा कुणी माझ्या कमरेला चिमटा काढला, तर मी हसणार नाही. तो हात तिथंच धरीन आणि चारचौघांत विचारीन, तू काय खातेस?