ठमीचे व्हिडिओ

कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये सगळे तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे जुळवाजुळव. नाव अगदी शोभायचं. कुत्र्यांच्या वागण्याचे देशोदेशीचे जाणकार तिने एका ऑनलाइन गटात आणले होते, आणि त्या शहाण्यांचं एकमेकांशी पटेल तर शपथ! पट्ट्याला झटका द्या म्हणणारा म्हातारा प्रशिक्षक आणि खाऊ देऊनच शिकवा म्हणणारी प्राध्यापिका यांच्यात तर विस्तव जात नव्हता. मावशीने वर्षभर मनधरणी केली, दोघांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, तेव्हा कुठे ते एका पडद्यावर दिसले.

पहिलंच प्रकरण शेल्टरमधल्या ठमी कुत्रीचं. खाताना कुणी जवळ आलं की ठमी गुरगुरायची. चावली मात्र कधीच नव्हती.

"महिनाअखेरपर्यंत बघू, मावशी," शेल्टरचे डॉक्टर म्हणाले. "नाहीतर कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यावं लागेल. असं कुत्रं घरी नेणार कोण?"

"माझी माणसं आहेत ना!" मावशी ठसक्यात म्हणाली.

माणसं होतीच. प्राध्यापिकेला पहिल्या व्हिडिओत ठमीचे कान दिसले नाहीत. म्हाताऱ्याला शेपूट बघायची होती. तिसऱ्या जाणकाराला आवाज नीट आला नाही. दरवेळी मावशी मोबाइल लावी, ठमी खायला लागली की वाडग्याकडे हात नेई, ठमी गुरगुरे, नवा व्हिडिओ जाई. सल्ला एकमतानेच द्यायचा, हा नियम मावशीचाच; नाहीतर गट केव्हाच फुटला असता. त्यामुळे वाद रंगला आणि सल्ला काही आलाच नाही.

ठमीला मात्र पक्कं कळलं, की हा हात घास हिरावायलाच येतो आणि गुरगुरून हटत नाही. एका दुपारी मोबाइल चालू असतानाच तिने मावशीचा उजवा तळहात चावून फोडला.

मावशी टाके घालून घेऊन परत आली तोवर इंजेक्शन देऊन झालं होतं, ठमी गेली होती.

"चावायला तुम्हीच शिकवलंत तिला," डॉक्टर म्हणाले. खरंच होतं ते.

पुढच्या बैठकीत तिने सगळं सांगितलं. प्राध्यापिका हळहळली आणि म्हणाली, "तो शेवटचा व्हिडिओ मिळेल का? वर्गात दाखवायला फार चांगला आहे."

म्हाताऱ्यानेही मान डोलावली. "मलाही पाठवा."

मावशीला त्यांची किळस आली, त्याहून स्वतःची. पण नाही म्हटलं असतं तर दोघंही रुसून निघून गेले असते.

तिने डाव्या हाताने व्हिडिओ पाठवून दिला.