सुगंधावहिनींचं हसू

दुपारचं जेवण झाल्यावर मी तसबिरीसमोरच चटई टाकते आणि आडवी होते. डोळे मिटत नाहीत, नुसते जड होतात. टर्पेंटाइनचा वास, वर पंख्याची कुरकुर आणि समोर स्टँडवर आमच्या आळीतल्या सुगंधावहिनी, ओल्या रंगात. रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध. तेव्हा ही तसबीर त्यांच्या बैठकीत लागायची आहे.

गेलेल्या माणसांच्या तसबिरी रंगवायचं माझं काम. कुठं शिकले नाही. कॅलेंडरवरची लक्ष्मी बघून बघून हात बसला. लोक आधारकार्डावरचा नाहीतर वरातीतल्या घोळक्यातला फोटो आणतात आणि म्हणतात, जरा प्रसन्न करा. वहिनींचे यजमान बापूसाहेब त्यापुढचे.

"चष्मा काढा, नथ घाला आणि हसरी करा. सात्त्विक हसू. दात नकोत."

"वहिनींना नथ कुठं होती?"

"अहो, चित्रात कोण वजन करतंय?"

तर मी वहिनींना नथ घातली आहे आणि हसवलंही आहे. सकाळपासून त्या चेहऱ्याकडे बघून मला मळमळतंय. वहिनी उभ्या जन्मात अशा दिसल्या नाहीत. नाव सुगंधा, पण नाक कायम मुरडलेलं. जगात कुठंतरी उंदीर मेलाय आणि तो फक्त ह्यांनाच कळलाय, असं.

पंखा थांबतो.

"ऊठ गं शालन. पाहुणी आलीय आणि लोळतेस काय!"

वहिनी माझ्या स्टुलावर बसल्या आहेत. चष्मा आहे, नथ नाही. बशीत चहा ओतून फुंकर घालतायत. चहा मी केलेला नाही.

"ही कोण?" तसबिरीकडे हनुवटी उडवून विचारतात.

"तुम्हीच की."

"शी! ही तर साबणाची जाहिरात."

"बापूसाहेबांनी तसं सांगितलं..."

"त्याचं ऐकायला मी होते ना जन्मभर? तू कशाला लागलीस नादी?" चहाचा भुरका. "मेल्यावर एक बरं असतं बघ. नवऱ्याला अरेतुरे करता येतं."

त्यांना पाणी द्यावं म्हणून मी स्वयंपाकघराचं दार उघडते. आत मंगल कार्यालय आहे. पंगत बसली आहे. मी आजवर रंगवलेली सगळी माणसं ओळीने पाटांवर बसलीत, गळ्यात हार. आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच हसू, माझ्या हातचं. त्यांना जिलेबी खायची आहे, पण ओठ रंगाने चिकटलेत. घास आत जात नाही. पाक हनुवटीवरून हारांत उतरतोय आणि त्यावर माश्या. वाढपी आग्रह करतायत, घ्या, घ्या, अजून एक घ्या.

वहिनी बशी सांभाळत पंगतीमधून चालतात.

"हा बायकोला पट्ट्याने मारायचा. ही सुनेला शिळं घालायची. हा बिचारा चांगला होता, पण असा हसायचा नाही, खो खो हसायचा. सगळ्यांना तू एकच हसू वाटलंस गं, प्रसादासारखं."

"लोकांना तेच हवं असतं, वहिनी."

"हवं असणारच. माणूस मेल्यावरच गोड लागतो. ह्यालाच कला म्हणतात का तुमच्यात?"

मी उलटून विचारते, "आणि लग्नाला काय म्हणतात तुमच्यात?"

"एक माणूस किल्लीने कान कोरतो, त्याच किल्लीने कपाट उघडतो आणि तुला साडी काढून देतो. साडीबद्दल गावभर सांगायचं. किल्लीबद्दल बोलायचं नाही."

"वहिनी, तुम्हाला किळस आली नाही असं कधी झालं का हो?"

त्या थांबतात. पंगत नाही. मागे फोटो स्टुडिओचा पडदा आहे, तळं आणि हंस, एका हंसाचा पोपडा निघालेला. वहिनी नवरी आहेत. साडी कडक, नाक सरळ. कशाला तरी हसतायत, तोंड भरून; पुढचे दोन दात जरा वर आलेले. इतकं देखणं माणूस मी कधी रंगवलेलं नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून बापूसाहेबांचा तरुण आवाज येतो.

"तोंड मीट. दात दिसतात."

फ्लॅशचा उजेड फाटतो. तोंड मिटलेलं आहे.

"ते मिटलं ते मिटलंच," म्हाताऱ्या वहिनी म्हणतात. "मग आतलं कुठून तरी बाहेर पडायला नको? पडलं नाकावाटे. आणि आता हसू मागतोय! तेही दात न दाखवता."

"मग हेच काढू का? हे दातांचं?"

"हे त्याला दाखवलं होतं मी. नको म्हणाला. आता पुन्हा कशाला द्यायचं?" त्या माझ्याकडे वळतात. आवाज खाली येतो. "माझं नाक दे मला. तुझ्या आईची तसबीर आठवते?"

आठवते. ती माझी पहिली. सगळी आळी म्हणाली, हुबेहूब. एकट्या वहिनींनी नाक मुरडलं होतं. 'तुझ्या आईचे हात असे रिकामे कधी होते गं?' मी रात्रभर रडले आणि सकाळी आईच्या हातात निवडायची मेथी दिली. तेव्हा कुठं आई आली. मला शिकवलं असेल तर त्या नाकाने.

"धर बशी," त्या म्हणतात. बशी गरम आहे. त्या तसबिरीकडे जातात. बांगड्या वाजतात.

पंखा कुरकुरतो. फोन वाजतोय.

मी उठून बसते. तसबिरीवर तोंडाच्या जागी एक ओला फराटा आहे, ह्या गालापासून त्या गालापर्यंत, आणि त्याच्या टोकाला अंगठा. बारीक रेषांसकट उमटलेला. मी माझे दोन्ही अंगठे उजेडात धरून बघते. रंगाचा टिपूसही नाही.

"झालं का?" फोनवर बापूसाहेब. "हसली का?"

"नाही हसल्या. आणि चष्मा राहणार आहे."

"अहो पण पाहुणे काय म्हणतील?"

"वहिनी आल्या म्हणतील."

फोन ठेवते. चिंधीने नथ पुसून काढते. अंगठ्याला हात लावत नाही. बारीक ब्रश घेते आणि नाकावर पहिली आठी घालते.