जिवाला धोका दिसत नाही

"पदर बाजूला कर, बघू दे," मॅडम म्हणाल्या.

खोलीचं दार उघडं होतं. दारात शिपाई. माझा नवरा खुर्चीवर बसलेला, मी उभी. पदर बाजूला केला. खांद्यावर पट्ट्याचे वळ होते. मॅडमनी जागेवरूनच बघितलं. मग कागदावरचं माझं आडनाव वाचलं.

"तुमच्यात एवढं चालतंच ना."

मला लाज वाटली नाय. राग पण आला नाय. शिपायाच्या शर्टाचं एक बटण तुटलं होतं, तेवढं बघत राहिले.

माझं माहेर किन्हवलीकडं, सासर मुरबाडच्या पलीकडं. आमी बौद्ध. पोरगी पाच वर्षांची होती. नवरा रोज मारायचा असं नाय. कधी मारील ते कळायचं नाय. शेवटी पोरीला घेऊन माहेरी आले, कोर्टात अर्ज केला. कोर्टानं सांगितलं, बाईला परत नांदायला पाठवलं तर तिच्या जिवाला धोका हाय का, ते आधी समुपदेशक बघतील. त्या ह्या मॅडम. त्यांचं कामच ते.

पंधरा मिनिटांत बघून झालं. त्यातली दहा नवऱ्याशी बोलण्यात गेली. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, हळू बोलत होता. मला एवढंच विचारलं, उलट बोलतेस का. मी म्हटलं, बोलते. ते त्यांनी लिहून घेतलं.

मॅडमच्या कागदावरून कोर्टानं सांगितलं, म्हणून मी परत नांदायला गेले. बाराव्या दिवशी दुपारी त्यानं मुसळानं माझा डावा हात मोडला. पोरगी चुलीपाशी बसली होती. ती रडली नाय, ओरडली नाय. गप बसून बघत राहिली. अगदी माझ्यासारखी. तेव्हा मला भीती वाटली. नवऱ्याची नाय. तिच्या त्या गप बसण्याची.

शेजारणीनं मुरबाडला दवाखान्यात नेलं. तिथून मी पोरीसकट माहेरीच गेले.

पुढच्या तारखेला हात प्लास्टरात. नवरा म्हणाला, विहिरीवर घसरली. मॅडमनी समजुतीचा कागद पुढं केला. पोरीकडं बघून सांभाळून घे म्हणाल्या.

मी म्हटलं, "मागल्या टायमाला तुमी काय लिवलं, ते वाचायचंय मला."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"नववी शिकलेय मी."

फाइल टेबलावरच होती. उजव्या हातानं ओढून घेतली. मोठ्यानं वाचलं. बाहेर बसलेल्या बायांनी ऐकलं. 'पत्नी उलट उत्तरे देते. जिवाला धोका दिसत नाही.' पुन्हा एकदा वाचलं. मॅडम म्हणाल्या, आवाज खाली. मी खाली केला नाय. फाइल घेतली आणि सरळ जज्जसाहेबांसमोर जाऊन उभी राहिले. दवाखान्याचा कागद दिला. त्यांनी दोन्ही वाचलं. मला विचारलं, नांदायला जायचंय का. मी नाय म्हटलं. त्यांनी तसं लिहून घेतलं. मॅडमना कुणी काय विचारलं नाय.

वाटलं, संपलं. आठवड्यानं नवरा आमच्या वस्तीतले चार जाणते घेऊन दारात आला. सगळे ओट्यावर बसले. त्यांतले एक गुरुजी. लहानपणी बुद्धवंदना मी त्यांच्याकडंच शिकले.

"गो बाय," गुरुजी म्हणाले, "आपली अब्रू कोर्टात कशाला नेलीस? आपल्यात एवढं चालायचंच."

मॅडम म्हणाल्या, तुमच्यात. गुरुजी म्हणाले, आपल्यात. हात माझा मोडला होता.

आई आत रडत होती. भाऊ खाली बघत होता. मी पोरीला दारात आणून उभं केलं, तिला ऐकू जावं म्हणून.

"गुरुजी, मी जाणार नाय. पोरगी पण जाणार नाय. तुमी संगं असा नायतर नसा, मी कोर्टात बोलणार, वस्तीत पण बोलणार. आता तुमी उठा."

ते उठले.