दिगंबरने वर केलेला हात

आमची इंजिनिअर कंपनी तेव्हा उत्तरेकडच्या एका सेक्टरमध्ये होती. मी नाईक होतो, दिगंबर काळोखे लान्स नाईक. दोघेही कसबा पेठेतले, महापालिकेच्या एकाच शाळेतले, दहावीपर्यंत एकाच बाकावरचे. खडकीला भरतीही एकाच दिवशी झालो. पाचला रोल कॉल, सव्वापाचला चहा, सहाला काम. काम म्हणजे जमिनीतले सुरुंग काढायचे आणि चालण्यासाठी सुरक्षित वाट आखायची. कडेला लोखंडी खुंट्या ठोकायच्या, त्यांना नंबर द्यायचे, पांढरी पट्टी बांधायची. पट्टीच्या आत चालला तो माणूस संध्याकाळी जेवायला परत येतो, एवढं साधं गणित.

शाळेने आम्हाला बरंच दिलं हे आधी सांगतो, नाहीतर कृतघ्न ठरेन. तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ होते, त्यामुळे स्फोटकांचं वजन आम्ही कागदाशिवाय काढायचो. रांगेत उभं राहणं, मिळेल ते खाणं, स्वतःची जागा स्वतः झाडणं आधीच अंगवळणी पडलेलं होतं. ट्रेनिंगमध्ये पहिले आठ दिवस बरीच पोरं रडली. आम्ही दोघे निवांत झोपायचो.

आणखीही एक सवय शाळेतलीच. ‘समजलं का?’ असं विचारलं की साठ जणांनी एका सुरात ‘हो सर’ म्हणायचं. समजलं की नाही, हा विषय वेगळा.

नववीत एकदा दिगंबरने हात वर केला. उणे गुणिले उणे अधिक का होतं, एवढंच त्याला विचारायचं होतं. गणिताचे सर वाईट नव्हते, पण पोर्शन मागे पडला होता आणि जीभ पुण्याची होती. ते म्हणाले, “आले आमचे शंकासुर. अहो, आपल्या शंका फिटेपर्यंत बाकीच्यांनी घरी जायचं की नाही?”

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. दिगंबरने हात खाली घेतला तो दहावी संपेपर्यंत पुन्हा वर केला नाही. काही अडलं तर शाळा सुटल्यावर कुंभारवाड्याच्या कोपऱ्यावर मला एकट्याला विचारायचा.

शंकासुर हे नाव शाळेतच राहिलं असतं. ते पलटणीत मी नेलं. बराकीत एका संध्याकाळी सगळ्यांना हसवायला मी तो किस्सा सांगितला. सगळी मराठी पोरं, नाव लगेच चिकटलं. दिगंबरही हसला. मित्र म्हणून मी किती हलका निघालो, हे तेव्हा कळलं नाही.

त्या दिवशी ०५४० ला ब्रीफिंग होतं. कॅप्टन साहेब नवे होते. माणूस चांगला, पण इंग्रजी धडाधडा बोलायचे आणि मध्येमध्ये हिंदी. नकाशावर बोट ठेवून सात नंबरच्या खुंटीबद्दल ते बराच वेळ काहीतरी सांगत होते. मला ‘सात’ कळलं, ‘पट्टी’ कळलं, बाकी डोक्यावरून गेलं. शेवटी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “कोई शक?”

“नहीं साहब.” आम्ही बाराही जण एका सुरात.

सामान उचलताना दिगंबर माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, “सात नंबरचं काय सांगितलं रे?”

मलाही कळलं नव्हतं, हे सांगायला दोन सेकंद लागले असते. मी म्हणालो, “पट्टी आहे ना? पट्टी धरून चाल.”

०७१० ला मी रेडिओ सेटवर होतो, दिगंबर पुढे.

“काळोखे कहाँ है? ओव्हर.”

“सात के पार, साहब. ओव्हर.”

“पार क्यों? रोको उसे.”

मी ओरडलो, “दिग्या, थांब.” तो थांबला. ऐकू आलं हे कळवायला त्याने हात वर केला आणि मागे वळायला एक पाऊल बाजूला टाकलं. तेवढ्यात स्फोट झाला. ०७२२ ला मी त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा तो गेलेला होता.

साहेब काय सांगत होते ते मला चौकशीत कळलं. सातच्या पुढची पट्टी गेल्या वर्षीची होती. बर्फ वितळून ओढ्याला पाणी आलं आणि सुरुंग जागचे सरकले होते. साहेबांचा हुकूम येईपर्यंत सातलाच थांबायचं होतं. शंका विचारायची संधी सर्वांना दिली होती, अशी नोंद झाली. ती खरी आहे. मी जबाब दिला, पण दिगंबरने मला विचारलं होतं, हे त्यात नव्हतं.

हवालदार होऊन मी निवृत्त झालो आणि कर्वेनगरला राहायला गेलो. दर दिवाळीला दिगंबरच्या आईला भेटायला कुंभारवाड्यात जातो. दर वेळी काकू एकच विचारतात, त्याला कुणी सांगितलं नव्हतं का. दर वेळी मी म्हणतो, माहीत नाही.

यंदा शाळेने बोलावलं. विषय होता, ‘शाळेने मला काय दिलं’. भिंतीवर दिगंबरचा फोटो, पहिल्या रांगेत काकू. मी पाढे सांगितले, शंकासुर सांगितला, कुंभारवाड्याच्या कोपऱ्यावर तो मला काय विचारायचा ते सांगितलं, सात नंबरची खुंटी सांगितली. फक्त त्या सकाळचा त्याचा प्रश्न आणि माझं उत्तर गाळलं. शेवटी सवयीने विचारलं, “समजलं का?”

“हो सर,” सगळा हॉल एका सुरात म्हणाला.

मी माइक सोडला नाही. म्हणालो, कुणाला तरी नक्की समजलेलं नाही, मी थांबतो. मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग नववीतल्या एका मुलीने हात वर केला.

“सर, अडलं की ते तुम्हाला विचारायचे ना? मग त्या दिवशी नाही विचारलं?”

“विचारलं होतं,” मी म्हणालो. आणि काय उत्तर दिलं होतं ते काकूंकडे बघून सांगितलं. कुणीही हसलं नाही.

काकूंना घरी सोडायला गेलो. दाराशी थांबल्या.

“म्हणजे त्याने विचारलं होतं.”

“हो काकू.”

“मला वाटायचं, माझं पोर न विचारता गेलं. तेवढं एक फिटलं. तुझं तू बघ.” त्यांनी दार लावून घेतलं.

दिगंबरने हात वर केलेला मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा मी हसलो होतो. दुसऱ्यांदा त्याला फक्त एवढंच कळवायचं होतं, की मी सांगितलेलं त्याला समजलं.