आडवा उजेड

माझा राग नाकावर असतो, पोट मात्र भरतं मऊ उजेडावर. बेंगळुरात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आहोत, आणि हेब्बाळच्या घरात पुढची खोली माझा स्टुडिओ आहे. लोकांना नोकरीच्या प्रोफाइलसाठी फोटो हवा असतो. मी दिव्यावर मोठा सॉफ्टबॉक्स चढवते, चेहऱ्याजवळ आणते, आणि खड्डे, डाग, जाग्रणं सगळं त्याच्या पांढऱ्या कापडातून येणाऱ्या उजेडात बुडवून टाकते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हाच आमच्या धंद्याचा धर्म.

त्या दिवशी निपाणीकडचं एक जोडपं आलं. फोटो बायकोचा, हुकूम नवऱ्याचे. दिवा डावीकडे घ्या, गाल बारीक दिसू द्या, हिला हसायला सांगा. मी दातओठ खात ऐकत होते. तिच्या उजव्या गालावरची सावली भरून काढायला मी रिफ्लेक्टर उघडला. ती घडीची गोल चकती, पिशवीतून काढली की फट्कन उघडते. आवाज झाला आणि ती बाई दोन्ही हात डोक्यावर घेऊन स्टुलावरच गोळा झाली. मी काय ते समजले, आणि मी समजले हे त्यालाही कळलं.

"नाटकं करू नकोस, नीट बस की गं!" म्हणत तो पुढे आला आणि माझ्यादेखत त्याने तिच्या कानाखाली वाजवली. स्टूल उलटलं, ती भिंतीवर आपटली. त्याने पुन्हा हात उगारला तेव्हा मी दिव्याचा स्टँड हलू नये म्हणून त्याच्या पायावर ठेवलेली वाळूची पिशवी उचलून नवऱ्याच्या पोटात हाणली. तो वाकला. मी त्याला ढकलत दाराबाहेर काढलं, कडी घातली आणि वॉचमनला फोन केला. बाहेरून तो दारावर लाथा घालू लागला. खरं सांगते, मला त्याला अजून मारायचं होतं.

तिला पाणी दिलं, तर ते बाजूला ठेवून म्हणाली, "अक्का, फोटो काढा. आत्ताच. मागल्या खेपेला मारलं तवा आईला फोटो धाडला होता. आई म्हणाली, काहीच दिसत न्हाई गं, सांभाळून घे."

मी सवयीने आहे त्याच उजेडात एक काढला. गाल गुळगुळीत! तिच्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नव्हती, आणि बोटांचा उठाव सॉफ्टबॉक्सने सपाट करून टाकला होता. हा फोटो बघून तिची आई पुन्हा तेच म्हणाली असती. मला माझ्याच दिव्याची चीड आली. कापड ओरबाडून काढलं, उजेड पसरू नये म्हणून उघड्या दिव्यावर जाळी बसवली, तिला केस मागे धरायला सांगितले आणि स्टँड जवळजवळ तिच्या कानामागे नेला, उजेड गालाला घासत आडवा जाईल असा. दारावर लाथ बसली की स्टँड हलायचा. मी तो पायाने दाबून धरला.

या वेळी वळ उठून आले. चार बोटं, आणि जबड्यापाशी अंगठीचा खड्डा.

तिने कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघितलं. रडली नाही. "सरी," म्हणजे कानडीत ठीक आहे, एवढंच म्हणाली. मग स्टुलावर पाठमोरी बसली आणि कुडत्याची चेन खाली ओढू लागली.

"हे जुने हैत," ती म्हणाली. "आईला हे दिसतील न्हवं, अक्का?"